ओलं फडकं

“सगळं अर्धवट टाकून आलास ना?” उतारावर सुभेदारसाहेबांनी विचारलं.

“हो साहेब. डाळ स्टोव्हवर, कणीक परातीत,” लंगरचा आचारी परसू म्हणाला.

चौकी घाबरून सोडल्याचं नाटक वठलं, तरच शत्रू पाठलाग करत खाली खिंडीत येणार होता. तिथं दबा धरलेली पलटण त्याचीच वाट पाहत होती. चार दिवस एकेक चौकी सोडत हीच खोटी माघार चालली होती. परसूचे पाय भरून आले होते.

तो मध्येच थांबला. “साहेब, कणीक ओल्या फडक्यानं झाकून आलोय.”

“शहाण्या, जीव घेऊन पळणारा माणूस कणीक झाकतो होय?”

“वीस वर्षांची सवय, साहेब.”

शिव्या खात तो एकटाच परत चढला. समोरच्या धारेवर शत्रूची माणसं दिसू लागली होती. त्यानं फडकं काढलं. चाळीस जणांची, लोण्यासारखी मऊ कणीक. उघडी असूनही ती निवांतपणे मळलेली दिसत होती. डोळे मिटून त्यानं परात मातीत पालथी घातली.

मग तो उतारावर धावत सुटला. हरल्याचं सोंग आता त्याला आणावं लागत नव्हतं.