खोल खाचांचे टायर

दुकानदार शेवंताच्या नवऱ्याला टायर दाखवत होता. सोपान हसून म्हणाला, "मला नका विचारू. पिकअप ही चालवते."

शेवंताने दोन टायर शेजारी उभे करून घेतले. एक डांबरी रस्त्याचा, उथळ नक्षीचा. दुसरा ऑल-टेरेन, कच्च्या वाटेवरही पकड घेणारा. त्याच्या खाचेत तिचं बोट अर्धं पेर आत गेलं.

"हा रस्त्यावर आवाज करतो, ताई, आणि डिझेलही थोडं जास्त खातो," दुकानदार म्हणाला. "बाजारात भाजी न्यायला साधाच पुरे."

"भाजी नेतेच. पण आता आईला आणायचंय. धनगरवाड्याच्या शेवटच्या चढाला साधे टायर मुरमात नुसते फिरतात. तिचे गुडघे गेलेत, दोन वर्षं ती खाली उतरलेली नाही."

चारही ऑल-टेरेन बसवून दोघं थेट चढाखाली आली. शेवंताने पहिला गिअर टाकला. मुरूम उडाला, गाडी किंचित मागे घसरली आणि मग टायरांनी जमीन धरली. माहेरच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा दोघंही वेड्यासारखी हसत होती.

आई दारातच चौकट धरून उभी होती. दोघांनी उचलून तिला पुढच्या सीटवर बसवलं.

"चल आये, माझ्या घरी," शेवंता म्हणाली.

आईने डोंगरावर जाणाऱ्या वाटेकडे बोट केलं. "आधी वरल्या वाडीला घे. माझी थोरली बहीण तिथं माझ्यावानीच अडकून बसलीय."

शेवंताने गाडी वरच्या वाटेला लावली. आईने पदर घट्ट खोचला.