वैजनाथदादाचं मशीन

वैजनाथदादा गेल्यावर त्याचा आवाज फक्त त्याच्या बिघडलेल्या संगणकात उरला होता. साक्षीनं भावाच्या त्या संगणकातल्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ऑफिसच्या कुबरनेटीस सर्व्हरवर आभासी मशीन म्हणून चढवली. नांदेडच्या भाड्याच्या खोलीत ती दुपारभर एकटीच खपत होती. मशीनचं फर्मवेअर बदललं, इमेजचा फॉरमॅट बदलला. तरी मशीन सुरू होईना; पडद्यावर तीच ओळ यायची, ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही.’

ऑफिसातल्या भारतचा फोन आला.

“साक्षीताई, उगं झुंजून राहिल्या तुम्ही. इमेज पार कोरी हाय, कॉपीच झाली न्हाई. मशीन म्या मघाशीच बंद केलं.”

तिनं फोन ठेवला. पडदा काळा झाला होता.

“साक्षे, जेवली का?” लॅपटॉपमधून दादाचा आवाज आला.

दादा गेल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“न्हाई,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“मग ये. वाढून ठेवलंय.”