नवरीच्या आईची एंट्री

पंधरा वर्षं तमाशाच्या फडात नाचलेली सत्यशीला आता बीडमध्ये लग्नाचे इव्हेंट करते. जुनं काहीच वाया गेलं नाही. कुठला पाहुणा पिऊन धिंगाणा घालणार, हे तिला पडद्याच्या फटीतून त्याच्या चालीवरून कळतं. दोन लावण्यांच्या मधे साडी बदलायची, त्याच सफाईनं आज तिनं नवरीला चार मिनिटांत शालू नेसवला. नवरदेवाचे वडील विजयसिंह खूश झाले.

"लई शिस्तीचं काम हाय तुमचं, ताई. कुठं शिकलात?"

"पुण्यात कोर्स केलता, साहेब," ती खाली बघत म्हणाली.

तेवढ्यात गुरुजींनी माइकवर पुकारलं, "कन्यादानासाठी नवरीच्या आईवडिलांना स्टेजवर पाठवा."

सत्यशीलानं लगबगीनं आपल्या भावाच्या हातात कलश दिला आणि भावजयीचा पदर नीट केला. "जावा वैनी, तुमची एंट्री हाय."



मग सहा महिन्यांची असताना याच वैनीच्या ओटीत टाकलेल्या लेकीची नजर चुकवत ती पडद्यामागं सरकली.