दारातली पाटी

गाडी दारात थांबली तेव्हा फिदेन्सिया तव्यावर मक्याची भाकरी टाकत होती. पांढरी, मोठी गाडी, काळ्या काचांची. पडद्याच्या फटीतून तिने एकदाच पाहिलं आणि झटकन खाली बसली. भाकरी तव्यावरच राहिली.

"तेयो," ती नवऱ्याला म्हणाली, "आले."

तेयो बुटाची नाडी बांधत होता. एका पायात बूट तसाच ठेवून तो रांगत न्हाणीघराजवळच्या बोळात गेला. घरात तेवढी एकच जागा बिनखिडकीची. त्यांची मुलगी यारेली त्याच्या आधीच तिथे पोचली होती. कुणालाच काही सांगावं लागलं नाही. या वस्तीतली मुलं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. तिघांपैकी एकाकडेही या देशात राहायचा कागद नव्हता. द्राक्षांच्या छाटणीला जाणाऱ्यांत कितीजणांकडे असतो म्हणा.

बाहेर गाडीची दारं आपटली. दोघांची पावलं अंगणात आली.

"न्यायाधीशाची सही असल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही," यारेली पुटपुटली. "कागद दाराखालून सरकवा म्हणायचं."

"तूच म्हण. तुझं इंग्रजी चांगलं आहे," तेयो म्हणाला. कुणी हसलं नाही.

दार वाजलं नाही. त्याऐवजी ठोकण्याचा आवाज यायला लागला. ठक, ठक, थोडं थांबून पुन्हा ठक.

"दार फोडतायत?"

"नाही. जमिनीत ठोकतायत काहीतरी."

"तुला सांगत होते मी," फिदेन्सिया पोरीकडे न बघता म्हणाली. "सरकारला आपल्या हातानं पत्ता दिलास, वर त्याच्याकडेच कॉलेजचे पैसे मागितलेस. हात दाखवून अवलक्षण."

"आई, ते राज्याचं सरकार. पकडणारं वेगळं, केंद्राचं. आपल्यासारख्या मुलांनाही मदत द्यायची, असा इथला कायदाच आहे. ते पत्ता कुणाला देत नाहीत."

"दोन्ही सरकारं एका ताटात जेवत नसतील कशावरून?"

 यारेलीला नर्स व्हायचं होतं. तेवढ्यासाठी आपण आईबापांना धरून दिलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. तिघांनीही एकदमच वर पाहिलं. छताला धुराची घंटा होती, आणि ती वाजली की अर्ध्या गल्लीला ऐकू जायची. तेयो पालथा पडून सरपटत गेला आणि खालूनच हात लांबवून त्याने गॅस बंद केला.

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा. एक बाई आनंदाने ओरडली, "अभिनंदन, यारेली!" आणि गाडी निघून गेली.

"शाळेतल्या बाई," यारेली म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

अंगणात पाटी उभी होती. पिवळीधमक, दोन लोखंडी पायांवर. तिच्यावर शाळा संपल्याच्या चौकोनी टोपीतला यारेलीचा हसरा फोटो, खाली पूर्ण नाव, त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'राज्याच्या शिष्यवृत्तीची मानकरी'. शाळा दरवर्षी हुशार मुलांच्या दारात अशा पाट्या लावते. प्रेमानेच लावते.

समोरचा म्हातारा वेंडेल आपल्या हिरवळीला पाणी घालत होता. नळी खाली टाकून तो रस्ता ओलांडून आला. तेयोला बाहेर जावंच लागलं.

"तुमची पोरगी?"

"हो."

"राज्याच्या पैशानं शिकणार?"

"हो," तेयो म्हणाला. तो स्वतः दर पगाराला कर भरायचा, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

"माझ्या नातवानं कर्ज काढलं." वेंडेलने पाटी पुन्हा वाचली, मग दारावरचा घराचा नंबर पाहिला. "हुशार आहे म्हणायची." तो परत गेला तो सरळ घरातच.

"आत कशाला गेला? फोन करायला?" फिदेन्सियाने दाराआडून विचारलं.

"लघवीला गेला असेल."

"नळी तशीच वाहती ठेवून?"

रस्त्यापर्यंत ओघळ आला तरी म्हातारा बाहेर आला नाही. तिघं दाराआड उभे राहून ते पाणी बघत होते.

"उपट ती पाटी," फिदेन्सिया म्हणाली.

"उपटू नका बाबा," यारेली डोळे पुसत म्हणाली. "गल्लीत आणखी चार घरांपुढे लावल्यात. आपल्याच दारातली गेली तर सगळे विचारतील, का गेली."

"मग राहू दे म्हणतेस? नाव, फोटो, सगळं?"

 बायको म्हणते ते खरं होतं, पोरगी म्हणते तेही खरं होतं. तेयो अजून एकाच बुटावर होता. तो तसाच अंगणात गेला. दोन्ही हातांनी धरून त्याने पाटी वर ओढली, फिरवली, आणि त्याच भोकांत पुन्हा रोवली. आता रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता कोरा पत्रा दिसत होता. फोटो आणि नाव घराकडे झालं.

फिदेन्सियाने तवा घासून पुन्हा गॅसवर ठेवला. या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा कधी सरकवायचा नाही, हा नियम तिनेच घातला होता. तिने तो चार बोटं सरकवला आणि पोरीचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

रस्त्यावर एक गाडी हळू झाली. फिदेन्सियाने पडदा दोन बोटांवर आणला. पुरता मात्र लावला नाही.