मोज्याबाहेरचे हात

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. बुवा पाणी पिऊन येईपर्यंत एक गोष्ट सांगून होईल. गोष्ट बोटांची आहे, आणि आपल्या या शुगर लँड गावातल्या नेत्राची आहे.

नेत्रा त्या सकाळी पांढऱ्या पोशाखात शिरत होती. यानाबाहेर अंतराळात काम करायचा तो पोशाख. तो आपण अंगात घालत नाही, आपणच त्याच्यात शिरायचं. वरचा भाग खांबाला टांगलेला असतो. खालून हात वर करून, दंड सोलवटून घेत डोकं बाहेर काढायचं. तसं तिनं काढलं. समोर विहिरीसारखा खोल हौद, तळाशी यानाचा सांगाडा. क्रेननं दोघांना पाण्यात सोडणार, आणि सहा तास तिथे अंतराळातल्यासारखं तरंगत नटबोल्ट पिळायचे. शेजारच्या खांबाला तिचा जोडीदार डॅनियल, सुपाएवढ्या पंजांचा, हेल्मेट सोडून सगळा तयार. आजची तालीम पार पडली की यानाबाहेर जाणाऱ्यांत नेत्राचं नाव पक्कं होणार होतं.

राहिले होते हातमोजे. ते चढवायला लहूकाका आले. मूळचे नागपूरचे; या अंतराळ कंपनीत लोकांना पोशाख चढवता चढवता त्यांचे केस पिकलेले. मोज्याआधी दोन्ही हात पुढे धरायचे आणि काकांनी बोटं बघायची, हा तिथला रिवाज. आणि काकांनी बघितलेलं वर कुणाला सांगायचं नाही, हाही तिथला रिवाजच.

काकांनी बघितलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. तिसरं काळंनिळं, मुळापासून उचकटलेलं.

पोशाखात हवा भरली की मोजा लाकडासारखा ताठ होतो. मूठ वळली की नख त्याच्या टोकाशी घासतं, आणि सहा तासांत मुठी किती वळायच्या त्याला सुमार नाही. तिच्या मापाचा मोजा कंपनीकडे नव्हताच. तिनं दोनदा मागितला. दोन्ही वेळा उत्तर आलं, की आहे त्या मोज्यात बसतील असे हात आमच्याकडे पुष्कळ आहेत. गेल्या एकादशीला इथेच बुवांनी टाळी मागितली, तेव्हा पोरगी हात पदराखाली घेऊन बसली होती. मागून कुणी काकू म्हणाल्या, अंतराळात चाललीस म्हणून देवापुढे टाळीसुद्धा जड झाली का गं? ती नुसती हसली होती.

काकांनी खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं.

"गुंडाळतो, गप आत जा," ते मराठीतच पुटपुटले, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळायला नको. "तालमीचा रन कॅन्सल झाला की यादीतून नाव जातं, पोरी. परत येत नाही."

तिनं हात मागे घेतले.

"काका, मोजा बदलायचा असतो. हात नाही."

वरच्या काचेच्या खोलीतून तालीम घेणाऱ्या कोचनं तिच्या कानातल्या फोनवर विचारलं, उशीर कशाला होतोय. नेत्रानं दोन्ही हात डोक्यावर नेले, बोटं फाकवली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. गजर टिपेला गेला की आपण धरतो ना, अगदी तसे. मग तिनं सांगितलं, माझी बोटं नीट बघून घ्या. माझ्या मापाचा मोजा मिळतोय असं तुम्ही म्हणेपर्यंत हे हात खाली येणार नाहीत.

कोच म्हणाला, हात खाली घे. तिनं घेतले नाहीत. कोच म्हणाला, राखीव माणूस बाहेर तयार बसलाय, त्याला बोलावू का?

"बोलवा," ती म्हणाली. "आणि आधी त्याची बोटं बघा."

पोशाखाचं सगळं वजन तिच्या दंडांवर आलं होतं, पण हात वरच.

लहूकाका रीळ हातात घेऊन उभे. कुणापुढे मान खाली घालायची नाही, एवढी एकच इस्टेट बापानं त्यांना दिली होती. आणि इथे मान खाली घालून त्यांनी किती जणांची बोटं गुंडाळली होती. त्यांनी रीळ फिरवलं आणि हौदात भिरकावलं. डुब्ब.

डॅनियलनं आधी पाण्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. मग आपलं मनगट काकांसमोर धरलं.

"टेक इट ऑफ, लहू."

काकांनी मनगटाची कडी फिरवली. खट्. मोजा निघाला. आत सकाळी काकांनीच लावलेली पट्टी होती, चार बोटांना. डॅनियलनं ती दातांनी सोडवली, आणि तो सुपाएवढा पंजा नेत्राच्या हातांशेजारी वर गेला.

कोच पुढे काय म्हणाला ते राहू द्या. बुवा उठले बघा. टाळ घ्या हातात. आता गजर होईल, हात वर जातील, टाळी पडेल. त्या एकादशीला पदराखाली राहिलेली एक टाळी अजून बाकी आहे. ती वाजवताना आपल्या नेत्राची आठवण ठेवा.