यादीत नसलेलं फूल

झाडं-फुलं ओळखणाऱ्या यंत्राने चौथ्यांदा तेच नाव सांगितलं, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ सुलभा कर्णिकचं डोकंच फिरलं. हिमालयात, स्पितीच्या त्या उतारावर, दगडाच्या आडोशाला, नखाएवढं निळं जेन्शियनचं फूल उमललं होतं. पाकळ्यांच्या मधल्या घडीला झालर होती. अशी झालर असलेलं जेन्शियन जगात एकच, आणि यंत्र म्हणत होतं, "साधं जेन्शियन. संरक्षणाची गरज नाही."

उद्या इथे बोगद्यासाठी सुरुंग लागणार होते. यंत्राने दुर्मीळ म्हटलं तरच काम थांबणार होतं. माणसाच्या शब्दाला आता कुणी विचारत नव्हतं.

"मॅडम, त्याला हे फूल माहीत नसेल," वाटाड्या छेरिंग म्हणाला.

"माहीत होतं. नामशेष ठरलं की यंत्राच्या यादीतून नाव काढून टाकतात."

"मग परत घालायला सांगा."

"सांगितलं. खात्यातले म्हणतात, जिवंत असल्याचा यंत्राचा दाखला आणा."

छेरिंग वैतागला. "पण नामशेष झालं म्हणून लिहून कुणी दिलं?"

सुलभाने यंत्र बंद केलं.

"मीच. जुन्या नोंदींत बहर जुलैचा होता, म्हणून सहा वर्षं जुलैतच येऊन हात हलवत परत गेले. सप्टेंबरात याआधी एकदाही आले नव्हते."