उतरवलेले कवेलू

हैदराबादेतल्या एका कंपनीच्या नव्या ऑफिसवर आर्किटेक्ट दीपानं जुने गावठी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, चढवले होते. खाली पाचशे माणसं बसतात, तरी एसी नावालाच लागतो, म्हणून मासिकात तिचा फोटोही छापून आला. पर्यावरणाच्या प्रमाणपत्रासाठी आता एकच कागद राहिला होता. कवेलू पडक्या, राहण्याजोग्या नसलेल्या घरांवरूनच उतरवले, असं घरमालकांनी लिहून द्यायचं. ठेकेदारानं तिला सांगितलंही तसंच होतं.

म्हणून भर मे महिन्यात ती, कवेलू जिथून आले होते त्या झरी जामणीजवळच्या खेड्यात आली. कवेलू दिलेल्या कांताबाईच्या घराच्या चारही भिंती धड होत्या, अंगण सारवलेलं होतं. वर कोरे पत्रे तापून तडतडत होते, आणि लेक चार दिवसांचं बाळ घेऊन बाहेर कडुनिंबाखाली निजली होती.

"कवेलू काहून दिले, कांताबाई?"

"यंदा कापूस बुडाला. पावसाच्या आंधी कवेलू काढून पुन्हा रचाले, फेराले माणूस लावनं झालं नाही. तुमचा ठेकेदार म्हणे, कवेलूच्या बदल्यात टिना घ्या, दरसाली फेराची झंझटच नाही." ती हसली. "तुमच्या हापिसात लय गार वाटते म्हनते?"

दीपानं कागद गुपचूप पर्समध्ये सरकवला.

"आना न तो कागद, ठेकेदार सांगून गेला सहीचं. एवढ्या उनाच्या आल्या तुमी."

दीपानं तो खालमानेनं वाचून दाखवला. कांताबाईनं एकेक अक्षर जुळवत सही केली.

"कांताबाई, हे खोटं आहे हो."

"खोटं कोठं हाय बाई? राह्याजोगं आता राह्यलंच कोठं हे घर!"